पंचगंगेकाठचा रिगोलेत्तो

फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीला मुन्योने नावाची लहानशी नदी येऊन मिळते, तिथं कोल्हापूरच्या एका राजाची छत्री आहे. राजाराम महाराज, दुसरे. 1870 साली विलायतेचा दौरा आटोपून परतताना ते वाटेत आजारी पडले आणि 30 नोव्हेंबरला तिथंच गेले. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती, आणि त्या राजधानीत हिंदू रीतीनं दहन करायचं कसं, हा पेच होता. खास परवानगी मिळाली. शहराबाहेरच्या कासीने बागेच्या टोकाला, दोन नद्यांच्या संगमावर, रात्री चिता पेटली. प्रयाग चिखलीचा संगम ठाऊक असलेल्या माणसांनी परमुलखातही संगमच शोधला, याचं मला फार अप्रूप वाटतं. चारेक वर्षांनी तिथं छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर मांट यांचा, म्हणजे ज्यांनी पुढं आपला नवा राजवाडा बांधला तेच. आत दागिन्यांनी मढवलेला अर्धपुतळा आहे. 1978 मध्ये जवळच मोठा पूल झाला, त्याचंही नाव ‘इंडियानो’. कोल्हापूरचा तरणाताठा राजा तिथल्या लोकांच्या तोंडी नुसता ‘हिंदी माणूस’ होऊन राहिला आहे.

याच शहरात ऑपेरा जन्मला. फ्लॉरेन्सच्या काही सरदार-विद्वानांनी असं मनावर घेतलं होतं की ग्रीकांची शोकांतिका बोलली जात नसे, गायली जाई. आपणही तसंच करून पाहावं. त्यातून 6 ऑक्टोबर 1600 रोजी पित्ती राजवाड्यात, मेदिची घराण्यातल्या मारियाच्या लग्नसोहळ्यात, याकोपो पेरीचा ‘युरिदिचे’ झाला. गोष्ट ऑर्फियसची. तो मेलेल्या बायकोला आणायला पाताळात जातो आणि मागं वळून पाहतो म्हणून ती कायमची जाते, ही गोष्ट सगळ्या युरोपला पाठ. पण लग्नाच्या मांडवात बायको मेलेली कशी दाखवायची? म्हणून पेरीच्या ऑपेरात ती सुखरूप परत येते. आजही टिकून असलेला जो सगळ्यात जुना ऑपेरा, त्यातच जुन्या गोष्टीचा शेवट यजमानांच्या सोयीनं बदलला आहे. त्यामुळं ‘आजकालचे दिग्दर्शक अभिजात ऑपेराची वाट लावतात, राजे काढून गुंड घालतात’ अशी तक्रार कुणी केली की मला हसू येतं. वाट पहिल्याच दिवशी लागली होती.

आता रिगोलेत्तो. व्हेर्दीचा हा ऑपेरा 11 मार्च 1851 रोजी व्हेनिसच्या ला फेनिचे या नाट्यगृहात पहिल्यांदा झाला. मूळ नाटक व्हिक्टर ह्यूगोचं. त्यात फ्रान्सचा रंगेल राजा आणि त्याचा कुबडा विदूषक होता. पॅरिसमध्ये 1832 साली एका प्रयोगानंतर त्यावर बंदी आली. व्हेनिसवर तेव्हा ऑस्ट्रियाचं राज्य. तिथल्या सेन्सॉरला राजाची बदफैली रंगमंचावर नको होती. मग राजाचा झाला ड्यूक, फ्रान्सचं झालं मांतुआ, सगळ्यांची नावं बदलली. व्हेर्दीनं कुबड मात्र सोडलं नाही आणि पोतंही सोडलं नाही. ते पोतं पुढं येईलच. त्याच्याच ‘मुखवट्यांचा नाच’ या ऑपेरातला स्वीडनचा राजा सेन्सॉरच्या कृपेनं समुद्र ओलांडून बोस्टनचा गव्हर्नर झाला. आणि ‘ला त्राव्हियाता’ व्हेर्दीला आजच्या पोशाखात हवा होता, तर थिएटरवाल्यांनी तो दीडशे वर्षं मागं, 1700 च्या सुमाराला ढकलला. ज्याला आपण ‘मूळ काळ’ म्हणतो आणि ज्याच्या पावित्र्यासाठी भांडतो, तो पुष्कळदा कुठल्या तरी सेन्सॉर कारकुनानं ठरवून दिलेला असतो.

जोनाथन मिलर या इंग्रज दिग्दर्शकानं 1982 मध्ये लंडनला रिगोलेत्तो उचलून न्यूयॉर्कच्या इटालियन वस्तीत, 1950 च्या दशकात नेऊन ठेवला. ड्यूक झाला माफियाचा म्होरक्या, विदूषक झाला बारमध्ये ग्लास पुसणारा. ड्यूकचं ते जगप्रसिद्ध गाणं, बायका म्हणजे वाऱ्यावरचं पीस असं सांगणारं, मिलरचा ड्यूक ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकून सुरू करतो. मी त्या प्रयोगाची चित्रफीत पाहिली आहे. त्या एका नाण्यात सगळा माणूस कळतो. हे गाणं त्यानं रचलेलं नाही, त्याला सुचलेलंही नाही. बाजारात मिळतं ते त्यानं विकत घेतलं आहे.

तर असा रिगोलेत्तो कोल्हापुरात करावा, हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते 8 ऑगस्ट 2024 च्या रात्रीनंतर. त्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती.

ज्यांनी ती जागा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगितलं पाहिजे. शाहू महाराज 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. राजारामांच्या मागं दुसऱ्या दत्तकानं गादीवर आलेला हा राजा. आधीचा इटलीत राख झाला, हा इटलीतून मैदान घेऊन आला. खासबागेचं कुस्तीचं मैदान त्या कलोसियमवरून बांधलं, आणि त्याला पाठ लावून 1913 ते 1915 या काळात पॅलेस थिएटर उभं केलं. पुढं त्यालाच केशवरावांचं नाव मिळालं. इकडं थिएटरचं काम सुरू झालं त्याच 1913 सालच्या ऑगस्टमध्ये तिकडं व्हेरोना गावच्या रोमन आखाड्यात व्हेर्दीच्या जन्मशताब्दीनिमित्त ‘आइदा’ झाला आणि उघड्या आखाड्यात ऑपेरा करायची प्रथा पडली. आखाडा आणि गाणं यांचा शेजार व्हेरोनाला शोधून काढावा लागला. आमच्याकडं तो भिंतीला भिंत लावून बांधलेला होता. खासबागेत हलगी कडाडते, तेव्हा पलीकडं विंगेत उभा राहिलेला नट पहिला सूर लावण्याआधी ती कानाआड करायला शिकतो. कोल्हापूरच्या नटांचे आवाज उगाच खडे नाहीत.

आणि केशवराव तर त्या खड्या आवाजाचे बादशहा. 1890 चा कोल्हापूरचा जन्म. पोरवयात ‘शारदा’ म्हणून गाजले, 1908 साली हुबळीला ‘ललितकलादर्श’ काढली, आणि 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त ‘मानापमान’मध्ये बालगंधर्वांच्या भामिनीसमोर धैर्यधर म्हणून उभे राहिले. त्यानंतर तीन महिनेही जगले नाहीत. ऑक्टोबरमध्ये विषमज्वरानं गेले, एकतिसाव्या वर्षी. ज्या पदांवर दोघांची ती जुगलबंदी झाली, त्या ‘मानापमान’च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, म्हणजे पुन्हा कोल्हापूरचेच. पूरबेकडच्या ठुमरी, दादरा, कजरीचा रंग त्यांनी मराठी नाटकात आणला. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढं दादऱ्याशीच गाठ आहे.

आग लागली तेव्हा छप्पर गेलं, रंगमंच गेला. सकाळी काळ्या पडलेल्या दगडी भिंतींपुढं नट, गायक, प्रकाशयोजनावाले, पडदे ओढणारे येऊन रडत होते. दोन-चार दिवसांतच गावात एकच वाक्य ऐकू येऊ लागलं: होतं तस्संच बांधायचं. मीही तेच म्हणत होतो. कुणी म्हणालं, आता बांधताच आहात तर नवं, मोठं बांधा. त्याला चहाच्या टपरीवर असा काही घेरला की बिचारा अर्धा कप टाकून गेला.

असंच वाक्य व्हेनिसकरांनीही म्हटलं होतं. जिथं रिगोलेत्तो पहिल्यांदा झाला ते ला फेनिचे 29 जानेवारी 1996 च्या रात्री जळून खाक झालं. शेजारचे कालवे दुरुस्तीसाठी कोरडे केले होते, त्यामुळं पाण्यात वसलेल्या शहरात आग विझवायला पाणी जवळ मिळेना. आग कामावरच्या इलेक्ट्रिशियननीच लावली होती, हे पुढं कोर्टात ठरलं. फेनिचे म्हणजे फिनिक्स. पक्ष्याचं नाव घेतलं की जळणं आलंच. हे थिएटर 1836 मध्येही एकदा जळालं होतं. तर व्हेनिसकर म्हणाले, होतं तसं आणि होतं तिथंच बांधू. जुनी छायाचित्रं काढली, विस्कोन्तीनं आपल्या 1954 च्या सिनेमाचं चित्रण तिथं केलं होतं त्याच्या चौकटी तपासल्या, आणि सोनेरी वेलबुट्टीपर्यंत सगळं पुन्हा उभं केलं. 2003 च्या डिसेंबरात दरवाजे उघडले. आणि 2004 च्या नोव्हेंबरात ऑपेरा सुरू झाला तो ‘ला त्राव्हियाता’नं, जो याच रंगमंचावर 1853 मध्ये जन्मला होता. दिग्दर्शक रॉबर्ट कार्सन. पडदा उघडला तर पोशाख आजचे, आणि बागेच्या प्रवेशात झाडांवरून पानांसारख्या गळत होत्या नोटा. दीडशे वर्षांपूर्वी व्हेर्दीला जो ‘आज’ हवा होता तो त्याला असा मिळाला. भिंती होत्या तशा, आणि भिंतींच्या आत होतं तसं काहीच नाही. मला ही व्यवस्था फार पटते. आमच्याकडं उलटं होईल अशी धास्ती वाटते: भिंती चकचकीत, आणि आत पुन्हा तेच भरजरी शालू, तोच रंगवलेला राजवाडा, तेच वाढीव वयाचे धैर्यधर.

हे लिहिताना मला संगीत नाटकाचा अपमान करायचा नाही. घरातलं आहे, म्हणून बोलतो. ऑपेरात स्वर कागदावर पक्का असतो. व्हेर्दीनं लिहिलेली मात्रा गायकाला हलवता येत नाही. तोस्कानिनीसारखा कडक संचालक तर वन्समोअरसुद्धा घेऊ देत नसे. सगळं गाणं असं खुंटीला बांधलेलं असल्यामुळं रंगमंच मोकळा सुटतो. राजवाडा काढा, बार ठेवा. तान जागची हलणार नाही. संगीत नाटकात गाणं मोकळं. पद तेच, पण आज बालगंधर्व ते कसं घेतील हे पेटीवाल्यालाही ठाऊक नसे. चार वन्समोअर झाले तर चार वेगळ्या वाटांनी समेवर येत. गाणं रोज नवं होतं म्हणून बाकीचं जुनं राहिलं तरी कुणाची तक्रार नव्हती. पडदा तोच, बाग तीच, आणि त्या बागेत पहाटेपर्यंत नवं काहीतरी फुलत असे. आता तो गाणारा गळा दुर्मिळ झाला. गाणं ध्वनिमुद्रिकेबरहुकूम म्हणायची रीत पडली. म्हणजे स्वरही खुंटीला आणि शालूही खुंटीला. ‘देवबाभळी’सारखं एखादं नाटक येतं आणि जुन्या साच्याला धक्का देतं, तेव्हा लोक किती आसुसून जातात हे आपण पाहिलंच आहे.

जागा बदलण्यात मराठी माणूस खरं तर मुरलेला. व्हेर्दीनं 1887 मध्ये ऑथेल्लोचा ऑपेरा केला. तीन वर्षांनी देवलांनी त्याच ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ केला, आणि व्हेनिसचा सेनापती मराठमोळा होऊन संशयानं जळू लागला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये कालिदासाची शकुंतला पुण्यात आणली, तिला साकी-दिंडी गायला लावली, तेव्हा फ्लॉरेन्सच्या त्या सरदारांहून वेगळं काय केलं? पुस्तकं उघडून पाहा, प्रत्येक पदाच्या डोक्यावर कंसात ‘चाल’ दिलेली असते. म्हणजे चाल कुठून तरी घ्यायची, शब्द आपले बसवायचे. या हिशेबानं रिगोलेत्तोच्या मराठी संहितेत ड्यूकच्या पदावर ‘चाल – व्हेर्दी, अंक तिसरा’ एवढं छापलं की काम झालं. किर्लोस्करी शिस्तीत बसतं.

याहून धीट काम एका गोमंतकीयानं केलं. एक इटालियन ऑपेरा कंपनी हिंदुस्थानात दौऱ्यावर आली होती. तिच्यात लुकाझिन रिबेरो नावाचा आसगावचा तरुण रंगमंचामागची कामं करत होता. कंपनीचा मुक्काम उठला तेव्हा त्यानं तिचे काही पोशाख विकत घेतले, आणि 17 एप्रिल 1892 रोजी, ईस्टरच्या रविवारी, मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात ‘इटालियन भुरगो’ हे कोंकणी नाटक केलं. तियात्राचा जन्म तो. पोशाख इटलीचे, जिभा गोव्याच्या. आजही तियात्र पाहताना नाट्यप्रवेश थांबवून कुणी तरी पुढं येऊन सरकारची सालं काढणारं गाणं म्हणतो, त्यामागं कुठं तरी त्या विकत घेतलेल्या मखमली डगल्याची ऊब असणार असं मला वाटतं. आणि पु. लं.चा ‘तीन पैशाचा तमाशा’. 1728 मध्ये लंडनच्या जॉन गेनं इटालियन ऑपेराची खिल्ली उडवायला भिकाऱ्यांचा ऑपेरा लिहिला. बरोबर दोनशे वर्षांनी ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी बर्लिनला त्याचं नवं रूप केलं. आणखी पन्नास वर्षांनी, 1978 मध्ये, जब्बार पटेलांनी थिएटर अॅकॅडमीतर्फे तो मराठीत उभा केला. त्यात नाट्यसंगीत, लावणी, पाश्चात्त्य पॉप एकाच भांड्यात. इटालियन ऑपेराची टिंगल फिरत-फिरत मराठीत येऊन पोचली, पण ज्याची टिंगल होती तो ऑपेरा काही अजून आला नाही.

म्हणून रिगोलेत्तो. ‘त्राव्हियाता’ का नको असं मित्रांनी विचारलं. ती लगेच सुचते हेच कारण. नायिका गणिका, म्हणून तिला संगीतबारीवर न्यायची, पायात चाळ बांधायचे; हे दिग्दर्शकाला झोपेतही सुचेल. रिगोलेत्तोला मेहनत लागते.

माझा ड्यूक हा कुणा मोठ्या माणसाचा मुलगा. चौकाचौकांत फ्लेक्सवर हात जोडून उभा, वाढदिवसाला डॉल्बीची भिंत, मागंपुढं पोरं, त्यांचा हा ‘दादा’. रिगोलेत्तो एकेकाळचा तमाशातला सोंगाड्या. फड मोडला, आता दादांच्या कार्यक्रमात माइक हातात धरून लोकांना हसवतो. दादांनी ज्याची अब्रू घेतली त्याच्यावरच हा कोटी करतो आणि पोरं खिदळतात. मग एक दिवस अशाच एका नाडलेल्या बापाची टिंगल करतो आणि त्या बापाचा तळतळाट घेऊन बसतो. व्हेर्दी या ऑपेराला आधी ‘शाप’ असंच नाव देणार होता. ते नाव आमच्याकडं जास्त शोभेल, कारण तळतळाट लागतो यावर आमचा अजून विश्वास आहे. रिगोलेत्तोची मुलगी जिल्दा. तिला तो घरात कोंडून ठेवतो, फक्त देवळात जायची मुभा. मूळ ऑपेरात चर्च आहे. इथं अंबाबाईचं देऊळ, आणि तिथंच ड्यूक तिला गरीब विद्यार्थी म्हणून भेटतो. विद्यापीठात शिकतो, एमपीएससीचा अभ्यास करतो असं सांगतो. कुठली मुलगी विश्वास ठेवणार नाही?

पुढं तो तिला नासवतो, बाप सुपारी देतो, आणि येतो मारेकरी. स्पाराफुचिले हा ऑपेरातला माझा सगळ्यात आवडता माणूस. धंद्यात चोख. निम्मे पैसे आधी, निम्मे काम झाल्यावर, आणि गिऱ्हाईकाला फसवायचं नाही. कोल्हापूरकडं सुपारीची बोलणी याच भाषेत होतात, असं वर्तमानपत्रं वाचून तरी वाटतं. शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलं की नदीच्या अंगाला त्याचा ढाबा, बाहेर तांबड्या-पांढऱ्याची पाटी. महिना ऑगस्टचा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोक्याची 43. माझ्या तिसऱ्या अंकात पाणी त्रेचाळीसला टेकलेलं आहे. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी रेडिओवर आहे, आणि आंबेवाडी, चिखलीकडची माणसं जनावरं सोडून गावात येत आहेत. व्हेर्दीनं या अंकात वादळ लिहिलं आहे, आणि वाऱ्यासाठी त्यानं यंत्र वापरलं नाही. विंगेमागं पुरुषांचा गट उभा केला आणि तोंडं मिटून त्यांना वरखाली घुमायला लावलं. माणसांच्या बंद तोंडातून वारा येतो. अख्खा गाव ज्या गोष्टीबद्दल तोंड मिटून बसतो तिचाच तो वारा, असं मला दरवेळी वाटतं.

हे सगळं मी तात्यांना सांगितलं. तात्या मंगळवार पेठेतले. संगीत नाटकांना उभं आयुष्य पेटीची साथ केलेले, आता ऐंशीच्या पुढं. जळालेल्या थिएटरच्या गोष्टी निघाल्या की ते विषय बदलतात. मी फोनवर ड्यूकचं ते गाणं लावलं. त्यांनी डोळे मिटून पहिल्या चार ओळी ऐकल्या, मांडीवर बोटं पडू लागली.

“दादराच की रे हा!”

आहेच. तीन मात्रांचा झोका आहे. मूळ सूर पांढरी सातचा; तात्यांनी तो आपल्या सवयीनं काळी एकला आणला, भाता धरला, आणि दुसऱ्यांदा ऐकून चाल जशीच्या तशी काढली. मग तिसऱ्यांदा घेताना शेवटच्या ओळीआधी एक हरकत टाकली. मी म्हटलं, “तात्या, ती त्यात नाही.” ते म्हणाले, “नसंल. पण जागा आहे तिथं.” टेंब्यांच्या गावात दादरा ऐकून कुणी हात बांधून बसेल अशी अपेक्षा मीच करायला नको होती.

“वाद्यं कुठनं आणणार?” हा त्यांचा पुढचा प्रश्न. रास्त होता. व्हेर्दीला पन्नास-साठ वादकांचा ताफा लागतो. मी त्यांना सांगितलं की पहिल्या अंकात ड्यूकच्या घरच्या जलशात पडद्यामागून पितळी बँड वाजावा असं व्हेर्दीनंच लिहून ठेवलं आहे. तात्यांचा चेहरा उजळला. लग्नसराईतले आपले बँड. क्लॅरोनेट, ट्रम्पेट, तो पोटावर धरायचा मोठा भोंगा, लाल डगले. “ती माणसं वाजवतील,” ते म्हणाले, “नोटेशन द्या नाहीतर देऊ नका. आणि ते वारा घुमवायचं काम आमचं भजनी मंडळ करंल. आयुष्यभर दुसऱ्याच्या मागं ओढतच आलोय की.”

अडलं ते चौघांच्या गाण्यापाशी. तिसऱ्या अंकात ढाब्याच्या आत ड्यूक मारेकऱ्याच्या बहिणीला गोड बोलतो आहे, ती हसून त्याला उडवते आहे; बाहेर भिंतीच्या भेगेतून जिल्दा ते पाहते आणि तुटते, शेजारी बाप सूड ठरवतो. चौघं एकाच वेळी चार वेगळ्या चाली गातात. सांगतात की ह्यूगोनं ते ऐकून म्हटलं, माझ्या नाटकात मलाही चार माणसांना एकदम बोलायला लावता आलं असतं तर! संगीत नाटकाला ही चैन ठाऊक नाही. एक गातो, बाकीचे चेहऱ्यावर भाव धरून उभे राहतात आणि मनात आपल्या पदाची वाट पाहतात. तात्या म्हणाले, “गोंधळ होईल. शब्द कळायचे नाहीत.” मी म्हटलं, लक्ष्मीपुरीच्या बाजारात चार बायका एकाच वेळी भाव करतात, तेव्हा प्रत्येकीचं सगळं कळतं की नाही? त्यांनी उत्तर दिलं नाही. पण पेटी पुढं ओढली आणि खालच्या सप्तकात बापाची ओळ शोधू लागले. तीन-चार स्वरांचीच आहे, सूड शिजवणाऱ्या माणसाची.

मग शेवट. जिल्दा स्वतःच ड्यूकच्या जागी मरायला पुढं होते. मारेकरी ठरल्याप्रमाणं पोतं आणून देतो. रिगोलेत्तो ते पायाशी घेऊन उभा आहे. आत आपला शत्रू आहे असं समजून तो जग जिंकल्याच्या थाटात बोलतो, आता हे नदीत लोटायचं. आणि लांबून तेच गाणं ऐकू येतं. ड्यूकचं. म्हणजे ड्यूक जिवंत आहे. म्हणजे पोत्यात दुसरंच कुणी आहे. अख्ख्या नाट्यवाङ्मयात वाईट बातमी इतक्या गोड चालीत कुणी दिलेली मला माहीत नाही. बातमी सांगायला मंचावर एक शब्द उच्चारला जात नाही. जे गाणं थोड्या वेळापूर्वी सगळं थिएटर गुणगुणत होतं तेच येतं आणि बापाचे हात गार पडतात. माझ्या प्रयोगात ते पुलावरून जाणाऱ्या गाडीतून येईल. दादा स्वतः गात असेल, काच खाली करून, पावसात.

तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “गाणारा पोरगा चांगला पाहिजे. आणि एक सांग. आपलं पब्लिक आहे. गाणं आवडलं तर वन्समोअर देणार. पहिल्या वेळेला दिला तर ठीक. पण त्या शेवटच्या वेळेला, त्यो पोतं घेऊन उभा असताना, लांबनं सूर आला आणि पिटातनं वन्समोअर पडला तर?”

मी म्हटलं, द्यायचा. गाडी पुलावरून परत फिरवायची, पुन्हा पहिल्यापासून गायला लावायचं, आणि या खेपेला तात्यांची ती हरकतही घ्यायची. बापानं ते दोनदा ऐकायचं.

“आणि पोतं?”

“पोतं तोवर उघडायचं नाही.”

त्यांनी पेटीचं झाकण लावलं आणि भजनी मंडळातल्या कुणाकुणाला घ्यायचं याची नावं मोजायला लागले.